सागरसफर आणि उतराई

आपला आदिलाबाद जिल्हा समुद्रापासून किती दूर आहे, हे नकाशा समोर घेतल्याशिवाय ध्यानात येत नाही. पूर्वेचा किनारा गाठावयाचा तर सारे तेलंगण ओलांडून आंध्रात उतरावे लागते. पश्चिमेचा गाठावयाचा तर मराठवाडा मागे टाकून सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. आपल्या वाट्याला आलेले मोठे पाणी म्हणजे उत्तर सीमेवरची पैनगंगा, आणि २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे होण्यापूर्वी बासरपाशी आपली म्हणता येत असे ती गोदावरी. अशा मुलखातल्या माणसाने आगबोटीच्या सफरीविषयी बोलावे याचे कोणास हसू आल्यास मी त्याला दोष देणार नाही. परंतु या विषयाकडे मला ओढून आणले ते आमच्या शेजाऱ्यांनी.

हे शेजारी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. हैदराबादेस नोकरी करणाऱ्या त्यांच्या जावयाने आईवडील आणि सासूसासरे अशा चौघांसाठी मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे काढली. बिलाचा कागद घेऊन शेजारी माझ्याकडे आले आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "गुरुजी, ग्रॅच्युइटी मला सरकारने दिली, तीही अडतीस वर्षे खडू झिजवल्यावर. आता ती मी जहाजवाल्याला कशाबद्दल द्यायची?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. कार्यालयात ज्या शब्दाचा अर्थ निवृत्तीच्या वेळी हाती पडणारी रक्कम असा होतो, तोच शब्द जहाजावर बक्षिसीसाठी वापरतात, हे कोणी सांगितल्याशिवाय कळावे कसे? आणि एवढ्या एका शब्दाच्या घोळामुळे चार माणसांची सफर कडू होण्याचा संभव होता. मी स्वतः काही वर्षांपूर्वी अशा एका सफरीस जाऊन आलो आहे आणि त्या वेळी माझ्या हातून एक चूकही घडली आहे. तीही आज सांगणार आहे.

प्रथम ही क्रूझ म्हणजे काय ते पाहू. आपल्या वडील पिढीला आगबोट ठाऊक होती ती गावाला पोहोचविणारे वाहन म्हणून. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली कोकणबोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीस जाई. चौगुल्यांच्या 'कोकण सेवक' व 'कोकण शक्ती' या बोटींची नावे कोकणातल्या वयस्कर माणसांच्या तोंडी अजून आहेत. रस्ते सुधारले आणि १९८० नंतरच्या दशकात ती वाहतूक बंद पडली. त्या बोटीत बसणाऱ्याला गाव गाठायचे असे. प्रवास हे सोसायचे संकट होते. क्रूझमध्ये नेमके उलटे आहे. येथे जहाज हेच गाव. निघालो त्या धक्क्यावर परत यावयाचे, मधल्या दोन, चार वा सात रात्री पाण्यावर राहावयाचे, आणि वाटेत एखाददुसऱ्या बंदरावर दिवसभर उतरून फिरून यावयाचे. राहणे, जेवण आणि करमणूक भाड्यातच येते. निदान तसे सांगितले तरी जाते.

मुंबईहून अशा सफरी अधूनमधून होतच आल्या आहेत. कोस्टा या इटालियन कंपनीने २०१६ च्या डिसेंबरात मुंबईहून मालदीवपर्यंत जहाज सुरू केले होते. त्याच कंपनीचे दुसरे जहाज २०२३ च्या अखेरीस आपल्याच किनाऱ्याने फिरले. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या नावाने 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर आली, तिची हकीकत मात्र अल्पायुषी ठरली. २०२१ च्या सप्टेंबरापासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून निघू लागले. १९९० साली बांधलेले हे जहाज पूर्वी अमेरिकेच्या बाजूला फिरत असे. बॅलार्ड पिअर येथे उभारलेले नवे क्रूझ टर्मिनल २०२५ साली खुले झाले. आपल्याकडून नंदिग्राम एक्स्प्रेसने मुंबईस जाणाऱ्याला यातला एक योग मोठा सोयीचा आहे. गाडी ज्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर थांबते, तेथून हा धक्का सुमारे दीड किलोमीटरवर आहे. किनवटच्या जंगलातून निघालेला माणूस गाडीतून उतरून, टॅक्सीत पेटी टाकून, दहा मिनिटांत समुद्राच्या काठी उभा राहू शकतो. तथापि त्याच दिवशी उभे राहण्याचा बेत करू नये. जहाजावर चढण्याची खिडकी सुटण्याच्या वेळेपूर्वी बराच वेळ आधी बंद होते, आणि गाडीला उशीर झाला ही सबब समुद्रावर चालत नाही. आदल्या दिवशी मुंबईस पोहोचावे, हे उत्तम.

आता त्या बिलाकडे वळू. खोलीचे भाडे ही पहिली ओळ. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते ती हीच. खाली बंदराचा आकार, वस्तू व सेवा कर, आणि ग्रॅच्युइटी. आपल्या किनाऱ्याने फिरणाऱ्या जहाजांवर ही ग्रॅच्युइटी बहुधा तिकिटाबरोबरच घेतात, त्यामुळे निर्णय करण्याची वेळच येत नाही. भाव विचारताना 'सगळे धरून किती' एवढे विचारले की काम भागते. परदेशी कंपन्यांच्या जहाजांची रीत वेगळी. त्यांच्या तिकिटात ती नसते. जहाजावर चढल्यावर तुमच्या नावाचे एक खाते उघडतात आणि त्यात दर रात्री दर माणशी ठरावीक रक्कम आपोआप लिहिली जाते. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर ती साधारण १५ ते २० डॉलर असते. लहान मुलालाही मोठ्याइतकीच आकारणी. नवराबायको सात रात्री गेले, तर २१० ते २८० डॉलर, म्हणजे आपल्या पैशांत अठरा ते पंचवीस हजार रुपये झाले. शिवाय पेय मागविले की त्याच्या किमतीवर शेकडा १८ ते २० सेवाशुल्क निराळे. सिंगापूर, युरोप वा अमेरिकेस मुलांकडे गेलेल्या आपल्या मंडळींना तेथून अशी सफर घडते, तेव्हा शेवटच्या रात्री दाराखालून सरकवलेला हिशेबाचा कागद पाहून त्यांना घाम फुटतो तो याचमुळे.

हा पैसा जातो कोणाला? आपल्याला दिसतात ती दोन-तीन माणसे: खोली आवरणारा, जेवणाच्या मेजावर वाढणारा, त्याचा मदतनीस. परंतु वाटणीत त्यांच्या मागे उभे असलेलेही अनेक जण असतात, ज्यांचे तोंड प्रवाशाला कधी दिसत नाही. चादरी धुणारे, भांडी घासणारे, रात्री दोन वाजता जिन्याची पितळ पुसणारे यांपैकी अनेकांचा त्यात भाग असतो. कोणत्या कामाला किती, हे कंपनीगणिक बदलते. एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी आहे. या माणसांचा मूळ पगार, ही रक्कम येणारच असे धरून, बेताचा ठेवलेला असतो.

आपल्या भाषेत अशा देण्याला शब्दांची वाण नाही. खूष होऊन दिली ती बक्षिसी. सणाला मागितली ती पोस्त. गवयाला दिली ती बिदागी. आणि कचेरीत फाईल हलावी म्हणून टेबलाखालून सरकवली तिचे नाव घेण्याची गरज नाही. आपण ग्रॅच्युइटीचे भाषांतर 'बक्षिसी' असे करतो आणि तेथेच फसतो. बक्षिसी देणे न देणे हे देणाऱ्याच्या मर्जीवर असते. माझ्या मते जहाजावरच्या या रकमेला जवळचा शब्द बलुते हा आहे. माझ्या लहानपणी पैनगंगेच्या काठच्या गावांत पावसाळ्यात नदी उतरून देणारा नावाडी प्रत्येक खेपेला हात पसरीत नसे. सुगी झाली की खळ्यावर येऊन आपल्या हक्काचे ज्वारीचे माप घेऊन जाई. ते माप कास्तकाराने त्या वर्षी नाव वापरली किती वेळा यावर ठरत नसे, आणि नावाड्याचा चेहरा आवडतो की नाही यावर तर मुळीच नसे. नदी उतरण्याच्या त्या मोबदल्याला आपण उतराई म्हणतो. उपकार फेडण्यालाही 'उतराई होणे' हाच शब्दप्रयोग आहे. रामाकडून उतराई न घेणाऱ्या केवटाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. परंतु केवटाला ती नाकारता आली, कारण समोर राम होता. रोजच्या उतारूकडून ती नाकारून त्याचे घर चालले नसते.

हे शहाणपण मला आज आहे. त्या वेळी नव्हते. आमची सफर चार रात्रींची होती, जहाज परदेशी कंपनीचे होते. शेवटच्या संध्याकाळी मेजावरच्या एका गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "ती रक्कम ऐच्छिक आहे. खिडकीवर जाऊन सांगा, काढून टाकतात." मी गेलो. रांग होती, आणि रांगेतले बहुतेक जण आपल्याच देशाचे होते, हे मला त्या वेळी खटकले नाही. खिडकीवरच्या मुलीने कारण विचारले, मी काहीतरी पुटपुटलो, तिने दोन कळा दाबल्या, आणि सहा-साडेसहा हजार रुपये वाचले. खोलीकडे परत येताना मला आपण व्यवहारी असल्याचा आनंद होत होता. त्या आनंदाच्या भरात आमची खोली आवरणाऱ्या तरुणाच्या हातावर मी पाचशेची नोट ठेवली. हा तरुण वेंगुर्ल्याकडचा. चार दिवस आमच्या कुटुंबाशी तो मराठीत बोलत होता, तिच्या गुडघ्यांसाठी न मागता जादा उशी आणून देत होता. त्याने नोट घेतली नाही. संकोचाने म्हणाला, "काका, तुमच्या खात्यातली रक्कम काढली असेल, तर ही मला ठेवून घेता येत नाही. पेटीत जमा करावी लागते. आमचा नियम आहे तसा." रक्कम काढली आहे हे त्याला कसे कळले, असे मी विचारले. तो म्हणाला, "यादी येते."

मी पुन्हा खिडकीकडे गेलो. तोवर हिशेब बंद झाला होता. सकाळी सात वाजता उतरावयाचे होते. नोट मी त्याच्याजवळच ठेवली. ती पेटीत गेली असावी. सकाळी त्याने आमची पिशवी जिन्यापर्यंत नेहमीसारखीच उचलून आणली आणि हिला वाकून नमस्कार केला. तेवढ्याने मला फार बोचले, हे कबूल करतो.

यावर कोणी म्हणेल की, नोकरांचा पगार ही मालकाची जबाबदारी. ती उतारूच्या माथी का? हा आक्षेप मला पूर्णपणे पटतो. पुष्कळ जहाजांच्या मागच्या बाजूला बहामा, पनामा अथवा माल्टा येथील बंदराचे नाव रंगविलेले असते. मालक एका देशाचा, खलाशी दहा देशांचे, आणि कायदा मात्र तिसऱ्याच देशाचा, अशी ही रचना आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार आता भारतासह बहुतेक देशांनी मान्य केला आहे. त्यातली मर्यादासुद्धा आपल्या कारखानदारीच्या मानाने ऐकण्याजोगी आहे: चोवीस तासांत चौदा तासांहून अधिक आणि आठवड्यात बहात्तर तासांहून अधिक काम देऊ नये. म्हणजे आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम कायदेशीरच. आणि ही चाकरी महिनोन्‌महिने, घरापासून दूर. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ही निराळी आकारणी बंद करून सारे भाड्यातच घातले, याचा अर्थ रीत बदलता येते. परंतु ती बदलेपर्यंत खिडकीवर जाऊन आपल्या वाटणीची रक्कम काढून घेणारा मालकाला काडीचाही धडा शिकवीत नाही. धडा वेंगुर्ल्याच्या पोराला मिळतो.

आणि हे पोर आपलेच असते, ही गोष्ट मराठी माणसाने विशेष ध्यानात ठेवावी. गोव्याच्या घराघरांतून तारवटी निघाले, रत्नागिरीच्या गावांतून पी अँड ओच्या बोटींवर खलाशी भरती झाले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गोव्यातील निरनिराळ्या गावांच्या 'कुडी' अद्याप आहेत, जेथे बोट मिळेपर्यंत त्या त्या गावचा खलाशी मुक्काम करीत असे. शंभर-सव्वाशे वर्षे किनाऱ्यावरच्या कित्येक घरांची कौले या पैशाने शाकारली गेली आहेत. आज आपण त्याच जहाजावर उतारू म्हणून चढतो, एवढाच फरक.

तेव्हा रीत अशी ठेवावी. सफरीचा खर्च काढतानाच ही रक्कम भाड्यात धरावी. जमत असेल तर तिकिटाबरोबर आधीच भरून टाकावी, म्हणजे शेवटच्या रात्री मोह होत नाही. सेवेत खरोखर कसूर झाली, तर त्याच दिवशी खिडकीवर तक्रार नोंदवावी. बहुतेक वेळा ती तत्परतेने निवारली जाते. एखाद्याने विशेष आपुलकी दाखवली, तर वर काही रोख द्यावे, पाकिटात घालून, नोटांत. नाणी देऊ नयेत, कारण दुसऱ्या देशात ती बदलून मिळत नाहीत. आणि ज्याने काम केले त्याचे नाव लिहून वरिष्ठांसाठी दोन ओळींचा अभिप्राय ठेवावा. त्याला पैसा पडत नाही, परंतु पुढचा करार मिळण्यास त्याचा उपयोग होतो असे मला तेथील अनेकांनी सांगितले.

दुसरा विषय किनाऱ्यावर उतरण्याचा. बंदरात जहाज धक्क्याला लागले, तर पायऱ्या उतरून चालत जावयाचे. धक्का नसेल, तर जहाज दूर पाण्यात उभे राहते आणि लहान होड्यांतून किनारा गाठावा लागतो. तिला आता टेंडर म्हणतात. कोकणबोटीच्या काळी पडाव म्हणत, आणि लाटेवर वरखाली होणाऱ्या पडावात उडी टाकण्याचा अनुभव ज्यांनी घेतला त्यांना या नव्या नावाचे कौतुक वाटणार नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर असेच उतरावे लागते. तेथे जाण्यास भारतीय नागरिकासही प्रवेशपत्र लागते. जहाज कंपनी ते काढून देत असली तरी कागद वेळेवर पाठविणे आपल्या हाती. समुद्र खवळलेला असेल, तर कप्तान उतरणेच रद्द करतो. त्याबद्दल भांडू नये. तो अधिकार त्याला करारानेच दिलेला असतो, आणि फार तर बंदराचा आकार परत मिळतो.

बंदरावरच्या सहली जहाजावरच विकतात. गाडी, वाटाड्या, कोठे जेवण, असे सारे धरून. त्या महाग असतात. बाहेर टॅक्सी करून तेच स्थळ निम्म्या खर्चात पाहून होते, ही गोष्ट खरी. पण या जादा पैशात एक गोष्ट विकत मिळते, जी पावतीवर लिहिलेली नसते. जहाजाच्या सहलीची गाडी वाटेत अडकली, तर जहाज बहुधा तिच्यासाठी थांबते, अथवा मागे राहिलेल्यांना पुढच्या बंदरी पोहोचविण्याची सोय कंपनी करते. तुम्ही स्वतःच्या टॅक्सीने गेलात आणि उशीर झाला, तर जहाज निघून जाते. पुढचे बंदर गाठणे तुमचे तुम्ही पाहावयाचे. परदेशात हा प्रसंग फार वाईट. म्हणून माझा सल्ला असा की, स्थळ दूर असेल, रस्ता अनोळखी असेल, देश परका असेल तेव्हा जहाजाची सहल घ्यावी. स्थळ जवळ असेल आणि भाषा आपली असेल, तेव्हा स्वतः जावे.

गोव्याचेच उदाहरण घेऊ. जहाज पणजीला लागत नाही, वास्कोपाशी मुरगाव बंदरात लागते. तेथून पणजी सुमारे तीस किलोमीटर. आपल्या मंडळींचा ओढा मंगेशीकडे असतो. तो रस्ता साधारण तासाभराचा. चौघांनी मिळून टॅक्सी केली, भाव आधी ठरवला आणि परतीची वेळ चालकाला दोनदा सांगितली, तर मंगेशी आणि जुन्या गोव्यातले बॉम जेझुस चर्च अशी दोन्ही स्थळे शांतपणे पाहून होतात. यात समुद्रकिनारा घुसडू नये. दिवसभरात सहा स्थळे पाहणारा माणूस सहा ठिकाणचे वाहनतळ तेवढे पाहतो. कोचीस उतरणे झाले, तर फोर्ट कोची व मट्टनचेरी एवढेच करावे: १५६८ सालचे ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिर, जे शनिवारी बंद असते, रामायणाच्या भित्तिचित्रांचा राजवाडा, आणि १५२४ साली वास्को द गामाला प्रथम जेथे पुरले ते सेंट फ्रान्सिस चर्च. परतण्याची जी शेवटची वेळ जहाजाच्या पाटीवर लिहिलेली असते, तिच्या तासभर आधी धक्क्यावर असावे. परदेशी बंदरात आणखी एक खोच आहे. जहाजाचे घड्याळ आणि गावाचे घड्याळ नेहमी एकच वेळ दाखवीत नाहीत. मोबाइल मात्र गावचीच वेळ दाखवतो. पाटीवरची वेळ जहाजाची. हातात साधे घड्याळ बांधून ते जहाजावरच लावून घ्यावे.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे गंभीर आहे. जहाज सुटण्यापूर्वी सर्व उतारूंना ठरावीक जागी बोलावून धोक्याच्या वेळी काय करावयाचे, जीवरक्षक जाकीट कसे घालावयाचे, हे दाखवितात. आपली मंडळी तेव्हा पोहण्याच्या तलावापाशी छायाचित्रे काढण्यात गुंतलेली असतात. २०१२ च्या १३ जानेवारीस इटलीच्या जीलिओ बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडली, ३२ माणसे दगावली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो उतारूंची ही कवायत दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती. त्यानंतर नियम बदलला आणि कवायत सुटण्याआधी वा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपल्याकडची आठवण याहून जुनी आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट भर पावसात काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबईपासून ती फार दूरही गेली नव्हती. गिरगाव, लालबाग आणि परळच्या चाळींतून त्या रात्री जो आकांत झाला, त्याच्या हकीकती पुढे वर्षानुवर्षे सांगितल्या गेल्या. अर्धा तास उभे राहून जाकिटाचा बंद कसा बांधावा हे पाहणे कोणालाही जड जाऊ नये. आपल्या खोलीपासून त्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालूनही पाहावे. आणीबाणीत लिफ्ट वापरता येत नाही.

किरकोळ गोष्टींपैकी दोन-चार सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरचा हंगाम ऑक्टोबर ते मे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र सफरीचा नव्हे, आणि त्या महिन्यांत जहाज चेन्नईकडे हलविल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे कापूस घरात येऊन विकला जातो तोवर डिसेंबर-जानेवारी उजाडतो. समुद्र तेव्हा बहुधा शांत असतो, हा मेळ चांगला बसतो. ज्यांना बोट लागते, त्यांनी खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मधल्या भागातली खोली मागावी. उंच मजल्यावरची, टोकाची खोली जास्त हलते, आणि विनोद असा की बहुधा तीच अधिक महाग असते. आवळासुपारी, लिंबू जवळ ठेवावे, औषध वैद्याला विचारून सुटण्याआधी घ्यावे, मळमळू लागल्यावर नव्हे.

जहाजावर रोकड चालत नाही. खोलीची किल्ली असलेल्या पत्त्यावरच सारा खर्च लिहिला जातो. त्यासाठी सुरुवातीस तुमच्या बँकेच्या कार्डावरची काही रक्कम अडकवून ठेवतात. ते डेबिट कार्ड असेल, तर खात्यातला तेवढा पैसा सफर संपल्यावरही काही दिवस मोकळा होत नाही. अशा कार्डाऐवजी रोख ठेव स्वीकारतात का, ते चढतानाच विचारावे. मोबाइलची बाब याहून धोक्याची. किनारा मागे पडला की फोन जहाजावरच्या उपग्रह-जाळ्याला जाऊन चिकटतो आणि एका बोलण्याचे शेकडो रुपये लागू शकतात. धक्का सुटताच तो विमानातल्यासारखा बंद करून ठेवावा. देशातल्या सफरीस पारपत्र लागत नाही, छायाचित्राचे सरकारी ओळखपत्र पुरते. मात्र पॅनकार्ड चालेल असे धरून निघू नये. आणि जुगाराचे दालन जहाज खोल समुद्रात गेल्यावर उघडते, यावरूनच त्याविषयी काय ते समजावे.

शेवटच्या रात्री मोठ्या पेट्या चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवाव्या लागतात. त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. आमच्या शेजाऱ्यांना मी बजावून सांगितले आहे की, औषधे, चष्मा, ओळखपत्रे आणि सकाळी घालावयाचे कपडे त्या पेटीत टाकू नयेत. एका वयस्कर गृहस्थांना लुंगीवर आणि पायांत जहाजाच्या सपाता घालून मुंबईच्या धक्क्यावर उतरताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेजाऱ्यांची सफर येत्या जानेवारीत आहे. ग्रॅच्युइटीच्या ओळीवर त्यांनी आता पेन्सिलीने 'नावाड्याचे माप' असे लिहून ठेवले आहे, आणि जावयाला फोन करून ते पैसे आपल्या पेन्शनमधून देणार असल्याचे कळविले आहे.